दिवटी, बॅटरी, विजेरी : स्वस्त उजेडाचा तौलनिक इतिहास

गेल्या रब्बी हंगामात आमच्या विभागातील एका सहकाऱ्याने शिक्षककक्षाच्या टेबलावर तीन विजेऱ्या मांडल्या आणि विचारले, "अण्णांसाठी यांतली कोणती नेऊ?" त्यांचे वडील गावी शेती पाहतात, गव्हाला पाणी देण्याची पाळी बहुधा रात्री येते. पहिली विजेरी घरातलीच, जुनी, पत्र्याची, दोन जाडे सेल घेणारी व काचेचा बल्ब असणारी. दुसरी तळहातात मावणारी, अॅल्युमिनियमची, नऊ एलईडींची. रिमोटमध्ये घालतात तसले तीन बारीक सेल तिला लागतात. तिसरी प्लास्टिकची, तिच्या पाठीतून दोन पिना बाहेर येतात आणि ती सरळ भिंतीवरच्या सॉकेटात खुपसून चार्ज करायची. तिन्हींची किंमत फार तर एखाद्या कवितासंग्रहाएवढी.

आम्ही मराठीचे प्राध्यापक. दोन कवितांची तुलना करण्याची सवय असल्याने आम्ही खिडक्या लावून घेतल्या, तिन्हींचा झोत समोरच्या भिंतीवर पाडला आणि तिसरीला पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो. सहकारी हसले. म्हणाले, "अण्णा असं बघत नाहीत. ते एकच विचारतील, ही दगा कधी देणार?"

या प्रश्नाने आमचे निकषच उलटे झाले. उजेडाची तुलना आपण तो लागताना करतो. ज्याला त्या उजेडावर विसंबून चालायचे असते, तो ती उजेड विझताना करतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या निकषाच्या आधारे हातातल्या उजेडाच्या इतिहासाकडे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दांपासून सुरुवात

विजेपूर्वीच्या मराठीत हातातल्या उजेडासाठी शब्दांची वाण नव्हती. मशाल, दिवटी, हिलाल, पलिता, टेंभा. कोकणात नारळाच्या वाळल्या झावळीची चूड. यांतले बरेच शब्द आज वस्तू म्हणून विझले असले तरी भाषेत जळत राहिले आहेत. टेंभा आता फक्त मिरवला जातो. दिवटा हा शब्द वाया गेलेल्या चिरंजीवांसाठी राखीव झाला आहे. खंडोबाच्या उपासनेत मात्र दिवटी आणि तिला तेल पाजणारी बुधली ही जोडी टिकून आहे, आणि गोंधळातही दिवटी पेटते.

दिवटी-बुधलीची ही जोडी आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. दिवटी एकटी जळत नाही. तिला सतत तेल घालावे लागते. म्हणजे उजेडाबरोबर उजेडाची चाकरी करणारा माणूस आलाच. सरदार-दरकदारांच्या इतमामात मशालजी हा चाकरवर्गातला. उजेड त्याच्या हातात असे, पण वाट दुसऱ्याची असे. धूर, ऊब आणि तेलाचे थेंब त्याच्या अंगावर आणि उजेड धन्याच्या पायांपुढे. पुढच्या काळात वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या बाबतीतही हेच घडत आले. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण लाक्षणिक अर्थाने शिकवतो. या माणसांच्या बाबतीत ती शब्दशः खरी होती.

तरी मशालीचा एक गुण नोंदवायला हवा. ती सांगून विझते. ज्योत आखडते, धूर वाढतो, चिंधी चुरचुरते. तेल घालायला किंवा वाट आवरायला तेवढा अवधी मिळतो.

एकोणिसाव्या शतकाची शेवटची भेट

हातात मावणारा विजेचा दिवा शक्य होण्यासाठी आधी सांडणार नाही असा विद्युतघट हवा होता. फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे याने १८६६ साली तयार केलेला घट ओला होता; काचेच्या बरणीतले ते द्रावण घेऊन कुणी शेताच्या बांधावरून चालू शकत नव्हते. जर्मनीच्या कार्ल गास्नर याने १८८६-८७ मध्ये द्रावणाचा लगदा करून तो जस्ताच्या डबीत बंद केला आणि कोरडा सेल जन्माला आला. १८९६ पासून अमेरिकेत नॅशनल कार्बन कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर विकायला आणला.

नळकांड्यात एकामागे एक सेल, टोकाला बल्ब व त्यामागे परावर्तक ही विजेरीची आजही ओळखू येणारी घडण डेव्हिड मायसेल या संशोधकाच्या नावे आहे. १० जानेवारी १८९९ रोजी तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याचे हक्क कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीकडे होते. ह्यूबर्ट रशियन साम्राज्यातून आलेले स्थलांतरित, विजेच्या गमतीच्या वस्तू विकणारे. त्यांनी काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय जाहिरातीला वापरले.

या नव्या वस्तूचे अमेरिकेत पडलेले नाव 'फ्लॅशलाइट', म्हणजे लुकलुकता दिवा. हे नाव कौतुकाचे नसून कबुलीचे होते. त्या काळचे सेल दुबळे, बल्बमधली कार्बनची तार खादाड. बटण क्षणभर दाबायचे, पाहून घ्यायचे आणि सेलला विसावा द्यायचा. अखंड उजेड देणे तिला जमतच नव्हते. १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली आणि अडचण पुष्कळ कमी झाली, पण नाव तेच राहिले. इंग्लंडने मात्र मशालीचा 'टॉर्च' हा जुनाच शब्द नव्या वस्तूला दिला.

आणि मराठीने? मशाल, दिवटी हे शब्द हाताशी असूनही आपण ते या वस्तूला दिले नाहीत. ग्रंथांत 'विजेरी' हा सुरेख शब्द रुजला. बोलण्यात 'बॅटरी' आली. गावात आजही 'बॅटरी मार रे जरा' असेच म्हणतात, आणि आत घालायच्या वस्तूला म्हणतात सेल. इंग्रजीच्या हिशेबाने ही चूक आहे. आम्हाला मात्र ती जाणतेपणाची वाटते. अमेरिकेने दिव्याच्या लुकलुकण्यावरून नाव ठेवले, इंग्लंडने जुन्या आठवणीवरून. मराठी माणसाने, ज्याच्यासाठी पुन्हापुन्हा पैसे मोजावे लागतात त्यावरून ठेवले. दिव्याचे खरे मर्म बल्बात नसून पोटातल्या सेलात आहे, हे या नावाने ओळखले होते.

लाल सेल आणि त्याची सावली

भारतात या सेलाचा प्रसार कसा झाला, ही कथा कलकत्त्यात सुरू होते. एव्हरेडीची भारतीय कंपनी तिथे १९३४ साली स्थापन झाली. ह्यूबर्ट यांचा मूळ उद्योग १९१४ मध्ये नॅशनल कार्बनने घेतला होता आणि १९१७ मध्ये नॅशनल कार्बन युनियन कार्बाइडमध्ये सामील झाली होती. त्यामुळे भारतीय कंपनीही पुढे युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या नावाने वाढली. वीज न पोचलेल्या खेड्यांत जाड्या सेलाची विजेरी पोचली. दाई, पोस्टमन, पोलीसपाटील, तमाशाचा फड हाकणारे, सिनेमागृहात खुर्ची दाखवणारे अशा किती जणांच्या हाती ती दिसू लागली. उजेड धरायला वेगळा माणूस ठेवण्याची गरज उरली नाही. ज्याची वाट, त्याच्याच हाती दिवा आला. हे स्थित्यंतर लहान नव्हते.

पण चाकरी नाहीशी झाली, असे म्हणता येईल का? मशालजीच्या अंगावर पडणारे तेल आता दिसत नव्हते, एवढेच. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला व हजारो माणसे मेली, तो कीटकनाशकांचा कारखाना याच युनियन कार्बाइड इंडियाचा होता. त्या वायूचा सेलाच्या निर्मितीशी संबंध नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. तरीही खेड्यापाड्यांतल्या हातातला उजेड आणि भोपाळचा तो अंधार एकाच संस्थेच्या खातेवहीत नोंदले गेले होते, ही वस्तुस्थिती इतिहास लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. १९९४ मध्ये अमेरिकी कंपनीने आपला ५०.९ टक्के हिस्सा कलकत्त्याच्या मॅक्लिऑड रसेलला विकला. त्या पैशातून भोपाळमध्ये रुग्णालय उभे राहिले, आणि १९९५ मध्ये कंपनीचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. सेलाची विक्री चालूच राहिली.

निळ्याची प्रतीक्षा

एलईडीचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून वीज जाताना उजेड दिसतो, हे इंग्लंडच्या हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये नोंदवले. रशियाच्या ओलेग लोसेव्ह यांनी १९२० च्या दशकात त्याचा अधिक अभ्यास केला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली अमेरिकेत घडवला. पुढची तीस वर्षे हा दिवा यंत्रांवरचा ठिपका म्हणून जगला: रेडिओ चालू आहे, एवढेच सांगणारा. वाट दाखवायची तर पांढरा उजेड हवा आणि पांढऱ्यासाठी निळा हवा. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या संशोधकांच्या कामातून तो साध्य झाला. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीने झगझगीत निळा एलईडी बाजारात आणला आणि १९९६ मध्ये त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप देऊन पांढरा. तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. आपण ज्याला पांढरा म्हणतो तो उजेड म्हणजे निळा आणि पिवळा यांचा डोळ्यांनी मान्य केलेला समझोता आहे.

महाराष्ट्रात हा दिवा घरोघर शिरायला भारनियमन कारणीभूत झाले. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. त्याच सुमारास एलईडीच्या विजेऱ्या स्वस्त होऊन आठवडी बाजारात ढिगाने आल्या. आमच्या त्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी परीक्षेचा अभ्यास अशाच विजेरीच्या उजेडात केला आहे.

तीन विजेऱ्या, विझण्याच्या तीन तऱ्हा

आता टेबलावरच्या तिघींकडे वळू. अण्णांच्या प्रश्नाने बजावल्याप्रमाणे आम्ही त्या चालू ठेवून बसलो.

जुनी पत्र्याची विजेरी ही विझण्याच्या बाबतीत मशालीची वारस आहे. जस्त-कार्बनच्या एका सेलाचा दाब दीड व्होल्ट. दोन सेलांचा तीन. वापरात हा दाब पडतो हे गृहीत धरूनच तिचा बल्ब साधारण २.४ व्होल्टचा असतो आणि तो अर्धा अँपिअर वीज खातो. इतकी वीज खाऊन उजेड देतो जेमतेम दहा ल्यूमेनच्या आसपास, बाकीची ऊब. अकार्यक्षमतेचा हा नमुनाच म्हणावा. परंतु दाब उतरू लागला की तार पांढरी, पिवळी, नारिंगी आणि शेवटी लालसर होत जाते. रंगच सांगतो की घराकडे वळा. बल्ब गेला तर तो फिरकी काढून बदलता येतो. पुष्कळांच्या टोपणात जादा बल्ब ठेवायला जागाही असे.

नऊ एलईडींची विजेरी वेगळ्या स्वभावाची. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टहून थोडा अधिक दाब लागतो, म्हणून तीन बारीक सेल. चांगल्या बनावटीत वीज आवरणारा रोधक किंवा मंडल असते. स्वस्त बनावटीत ते बहुधा वगळलेले असते आणि आवरण्याचे काम सेलाच्या अंतर्गत रोधावर सोपवलेले असते. यातून एक विपरीत न्याय निर्माण होतो. साधे सेल घातले तर ती निभावते. जोरकस अल्कलाइन सेल घातले तर प्रमाणाबाहेर वीज मिळून एलईडी तापतात व अकाली निस्तेज होण्याचा संभव वाढतो. तिचा उजेड एकाएकी जात नाही, पण रंगही बदलत नाही. कळत नकळत फिका पडत जातो. मानवी डोळ्याला उजेड निम्मा झाल्याचे चटकन जाणवत नाही. त्यामुळे आपल्याला दिसते आहे, असे वाटत असताना प्रत्यक्षात कमी दिसत असते. हा दगा गोड बोलून दिलेला दगा आहे.

तिसरी, चार्ज होणारी विजेरी पहिल्या दिवशी सर्वांत तेजस्वी. तिच्या पोटात शिसे व आम्लाची चार व्होल्टची लहान बॅटरी असते. या जातीची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहणे हे तिच्या नाशाचे कारण ठरते. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. स्वस्त विजेरीत ती वेळीच बंद करणारी सोय बहुधा नसते. भारनियमनात तर ती रिकामी होणार आणि चार्ज न होता पडून राहणारच. म्हणजे जिथे तिची गरज सर्वाधिक, तिथेच तिचे आयुष्य सर्वांत कमी. आमची तिसरी विजेरी दोन महिन्यांत दहा मिनिटांवर आली. ती उघडून पाहण्याचा मोह वाचकांनी चार्जिंग चालू असताना तरी टाळावा. अशा स्वस्त रचनेत घरातल्या विजेपासून आतले भाग वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो.

खोक्यावरचे आकडे येथे मदतीला येत नाहीत. विजेऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ मध्ये 'एफएल-१' हे मानक ठरवले गेले, ही चांगलीच गोष्ट. पण त्यातही विजेरी 'किती तास चालते' याचा अर्थ, सुरुवातीचा उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, असा आहे. म्हणजे शंभराचे दहा झाले तरी ती चालूच समजायची. आणि बाजारातल्या अगदी स्वस्त विजेऱ्यांच्या खोक्यांवर तर कोणत्याही मानकाचा आधार नसलेले आकडे सर्रास आढळतात. या आकड्यांना आम्ही मलपृष्ठावरच्या अभिप्रायाइतकेच महत्त्व देतो.

रात्रीची पाळी

हे सारे बारकावे कशासाठी? शेतीपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याची चक्राकार पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा पुढचा टप्पा आला. ज्या वाहिन्यांवर ती पोचली तिथे रात्रीचे जागरण सुटले, जिथे नाही तिथे ते आहेच. रात्री दारे धरणाऱ्याचे दोन्ही हात खोऱ्यात गुंतलेले असतात. विजेरी काखेत, नाहीतर दातांत. पायाखाली ओला बांध आणि सुकले गवत.

भारतातील सर्पदंशावरील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज दिला आहे. यांतली बहुसंख्य ग्रामीण भागातली. घोणस वाळल्या पाचोळ्याच्या रंगाची असते. स्वस्त पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा अंश अधिक आणि तांबडा कमी. त्यामुळे तपकिरी, विटकरी छटा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. त्यात तो उजेड न सांगता फिका झालेला. भिंतीवर पाडलेल्या झोताच्या झगमगाटाला पहिला क्रमांक देणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना हा प्रसंग दिसलाच नव्हता, कारण आमच्या भिंतीवर घोणस नव्हती.

अखेर सहकाऱ्यांनी काय नेले? नऊ एलईडींची विजेरी आणि साध्या सेलांचा एक जादा संच. दर पाळीला निघण्यापूर्वी नव्या सेलांशी ताडून पाहायचे, अशी सूचना. जुनी पत्र्याचीही परत गेली, सोबत म्हणून. तिसरी आमच्या कपाटात आहे. तिच्यातले शिसे कचऱ्यात टाकू नये, असे नियम २००१ पासून आहेत आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. पण आमच्या गावात ती परत घेणारा दुकानदार आम्हाला अद्याप भेटलेला नाही.

मशालजीच्या अंगावरचे तेल, भोपाळची रात्र, कपाटातले शिसे: उजेड स्वस्त होत गेला तसतसा त्याचा भार नाहीसा न होता जागा बदलत गेला, हेच या इतिहासातून आमच्या हाती लागते. उजेड किती पडला हे विचारणे सोपे आहे. तो विझतो कसा, आणि विझल्यावर अंधारात कोण उभे राहते, हे विचारायला अण्णांसारखा बांधावर उभा असलेला माणूस लागतो. सहकाऱ्यांचा परवा फोन आला होता. पहिली पाळी नीट पार पडली. अण्णांनी निरोप दिला आहे, "अजून दगा दिलेला नाही. पण विश्वासही ठेवलेला नाही."